एक आकडा सांगा

"फोन स्पीकरवर टाक," स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वयंपाकी डेल्बर्ट ओरडला. "आम्हालाही ऐकू दे काय सांगतात ते."

व्हर्नाने फोन काउंटरवरच्या केचपच्या बाटलीला टेकवला. ओक्लाहोमाच्या हायवेवरची ती खाणावळ. दुपारची गर्दी नुकतीच ओसरली होती. व्हर्ना तिथे वाढायचं काम करायची आणि तिच्या उजव्या मनगटातली नस दबली होती. सकाळी कॉफीचं भरलेलं भांडं हातातून निसटलं, तेव्हाच तिने ठरवलं: ऑपरेशन करायचं. पण खर्च कळल्याशिवाय नाही.

"ते तुमच्या विम्यावर अवलंबून आहे," पहिल्या हॉस्पिटलातली बाई म्हणाली.

"विमाच नाही. रोख देणार."

"मग डॉक्टरांवर अवलंबून."

दुसऱ्या हॉस्पिटलने सांगितलं, "ऑपरेशननंतर बिल घरी येईल. त्यात कळेल सगळं."

"उद्यापासून मीही तेच करते!" व्हर्ना भडकली. "आधी अंडी खा, भाव महिन्याने कळवते!"

काउंटरवरचे सगळे खो खो हसले. तिने तिसरा नंबर फिरवला. तुल्सातल्या एका छोट्या सर्जरी सेंटरचा.

"मनगटाचं ना? दोन हजार सातशे पन्नास डॉलर," पलीकडची मुलगी म्हणाली.

व्हर्नाने ऑर्डरच्या वहीवर आकडा लिहून घेतला.

"भूल देणाऱ्याचे वेगळे?"

"नाही, त्यातच."

"खोलीचे? टाके काढायचे?"

"सगळं धरून, मॅडम."

"परत सांगा बरं."

मुलीने परत सांगितलं. डेल्बर्टने उलथनं तव्यावर आपटलं. "कमी नाहीत गं हे पैसे!"

"नसू देत!" व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंडभर हसू. "माझा पिकअप ट्रक विकला की भागेल! मुली, मला तारीख दे. लवकरातली लवकर."

तारीख मिळाली. ती फोन बंद करणार, तोच काउंटरच्या टोकाला बसलेला म्हातारा हॉयट एक पाय ओढत उठला.

"ठेवू नकोस, ठेवू नकोस! माझ्या गुडघ्याचं विचार!"

"आमच्या हिच्या मोतीबिंदूचंही!" मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं.

फोन हातोहात पुढे सरकू लागला. सगळे एकदमच बोलत होते, आणि त्या गलक्यातून मुलीचा आवाज येत होता, "हो हो, सांगते ना. त्यात एवढं काय?"