टिकटिक

"मशीन बंद व्हनार न्हाई," साळुबाई म्हणाल्या. "तुमाला जमिनीखाली काय बघायचं ते बघा. बिबट्या जमिनीवरनं येतो."

त्यांच्या डोक्यावर, ओसरीच्या खांबाला, कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं झटका मशीन टिकटिकत होतं. तिथून निघालेली तार घर, गोठा आणि अंगणाभोवती फिरली होती. लोणीच्या या वस्तीला तिन्ही बाजूंनी ऊस. मागच्या महिन्यात शेजारची कालवड गेली होती.

"उकाड्यात समदं घर अंगणात झोपतं," त्या म्हणाल्या. "तारंच्या भरवशावर."

श्रेयाची अडचणही खरी होती. तिचा गट जमिनीच्या पोटातली उष्णता शोधत होता. जमिनीतून मुळातच फार क्षीण वीज वाहत असते. ती रात्रभर मोजली, की खाली खोलवर गरम पाणी मुरलेला खडक आहे का, याचा अंदाज येतो. पण जवळ झटका मशीन असलं, की त्याचा प्रत्येक ठोका नोंदीत काट्यासारखा उभा राहतो. आधीच्या सगळ्या जागा अशाच वाया गेल्या होत्या. उद्या गाडी डिंभ्याकडे जाणार होती.

"मावशी, फक्त आजची रात्र."

"मग बिबट्याला सांग की. म्हनावं, आज येऊ नगं, पुण्याची ताई आलीय."

फोन वाजला. ओढ्यापलीकडच्या माळावर यंत्र लावून बसलेला सुदर्शन होता.

"ऐकलं वाटतं त्यांनी! रेघ एकदम स्वच्छ आली. इतकी चांगली जागा अजून मिळाली नव्हती."

श्रेयाने वर पाहिलं. टिक. टिक. हिरवा दिवा लुकलुकत होता.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. हवं ते मिळालं होतं. मावशींचा निरोप घ्यायचा आणि निघायचं. ती अंगणाच्या फाटकापर्यंत गेली आणि परत फिरली.

"मावशी, या तारेचा झटका शेवटचा कुणाला बसला?"

"आमच्या गोरखला. गणपतीत. उताना पडला, लई हसलो. तवापासनं कोन हात लावतंय? टिकटिक ऐकू येती की."

मशीनची अर्थिंगची वायर भिंतीवरून उतरून एका लोखंडी कांबीला बांधली होती. कांबीभोवतीची माती भेगाळली होती. श्रेयाने ती चिमटीत धरली. पीठ झालं. सकाळी तिने पुरलेल्या इलेक्ट्रोडभोवती अशीच माती होती. मिठाचं पाणी ओतेपर्यंत यंत्राचा जमिनीशी संपर्कच जुळला नव्हता.

"इथे पूर्वी पाणी यायचं का?"

"न्हानीचं यायचं. दिवाळीला बाथरूम बांधलं, टायलीचं. आता पानी पायपानं मागं नारळाला जातं. नारळ बघ कसा तरारलाय."

श्रेया गाडीतून खाऱ्या पाण्याचा कॅन घेऊन आली आणि कांबीच्या बुडाशी रिकामा केला. माती सुरसुरत पाणी प्यायली. फोन लगेच वाजला.

"श्रेया, घोटाळा झाला. ठोके पडायला लागले. त्यांना पुन्हा बंद करायला सांग ना."

"नको. चालू राहू दे."

"अगं, मग आजची रात्र गेली आपली!"

"गेली," ती म्हणाली.

साळुबाई कॅनकडे बघत होत्या. श्रेयाने त्यांना समजावून सांगितलं. तारेला शिवणाऱ्याच्या अंगातून झटका जमिनीत उतरतो आणि या कांबीतून मशीनकडे परत येतो. माती कोरडी पडली, की त्याची वाट तुटते. मग तार नुसतीच तार. रोज इथे तांब्याभर पाणी ओता.

"म्हंजी दिवाळीपासनं..."

भिंतीला उभ्या केलेल्या बाजा, त्यांवर घडी घालून ठेवलेल्या वाकळा, सगळ्यात वरची तान्ह्या नातीची दुपटी त्यांनी एकदा पाहिली. मग मान वर केली.

मशीन टिकटिकत होतं. दिवाळीपासून टिकटिकत होतं, अगदी तसंच.