खालची पानं

हमीदने बूट काढायच्या आधीच फोन नाझिशसमोर धरला. "बघ जरा, ही पानं पिवळी का पडतायत?"

फोटोत लबनच्या, म्हणजे इथल्या आखाती ताकाच्या, रिकाम्या डब्यांमध्ये मिरचीची रोपं होती, बोटभर उंचीची. शेंड्याची पानं हिरवी, खालची पिवळी होऊन लोंबलेली.

"कोणाची?"

"रंजिताची. आमच्या ऑफिसात अकाउंट्सला आहे ती. बाहेरच्या उन्हात करपतील म्हणून घरातच वाढवतेय. आधी अगदी खालची पिवळी झाली, आता त्यांच्या वरचीही व्हायला लागलीत." त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. "हे बघ, देठाकडून सुरुवात आहे."

नाझिश त्या दोन बोटांकडे बघत राहिली. गेल्या उन्हाळ्यात तिचा कढीपत्ता याच खोलीत पान पान गाळत वाळून गेला. तिने कुंडी उचलून बाहेर ठेवली, त्यानंतर कधीतरी हमीदने रिकाम्या जागेकडे बघून विचारलं होतं, "इथे काही होतं का गं?"

म्हसळ्याला वडिलांच्या नर्सरीत ती मोठी झाली होती. फोटो बघताच तिला सगळं कळलं. माती काळी, चकचकीत. वर शेवाळाचा हिरवा थर. डब्यांना खाली भोकं नसणारच. मुळं गुदमरत होती. पाणी थांबवायचं, भोकं पाडायची, खिडकीशी ठेवायचं. बस.

"पाणी कमी पडतंय," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ भरपूर घालायला सांगा."

हमीदने तिथेच उभ्या उभ्या व्हॉइस मेसेज पाठवला. "रंजिता, नाझिश म्हणते..." घरी तो इतका सावकाश कधी बोलत नसे.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात एक बाई, हातात पुठ्ठ्याचं खोकं. हमीद आतून म्हणाला, "अरे रंजिता, ये ना." नाझिशने तिला आज पहिल्यांदाच पाहिलं. मनात धरली होती त्यापेक्षा फार साधी होती. तेच जास्त लागलं.

"भाभी, दोनच मिनिटं," रंजिता म्हणाली. "आमचे हे खाली गाडीतच बसलेत, पार्किंग मफी, जागाच नाही. एवढं बघता का?"

खोक्यातली रोपं डब्यांच्या कडेवर आडवी पडली होती. नाझिशने एक अलगद उपटलं. मुळं तपकिरी झाली होती, बोटांत धरताच लिबलिबीत होऊन तुटली.

"पाणी फार झालं," तिच्या तोंडून निघून गेलं.

रंजिता गोंधळली. "पण तुम्हीच तर सांगितलंत ना, सकाळ-संध्याकाळ? ऑफिसातून धावत जाऊन घालत होते मी."

नाझिशने मान वर केली नाही.

"माझं चुकलं," हमीद म्हणाला. "नाझिशने पाणी बंद करायला सांगितलं होतं. मी उलटं ऐकलं."

कंपनीच्या सित्र्यातल्या गोदामात एकदा कानावर पडलेला पार्टचा नंबर हमीद महिन्यांनीही बिनचूक सांगायचा. हे रंजितालाही माहीत असणार. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, मग खोक्याकडे.

"असू दे," ती म्हणाली. "आईने राखलेल्या बिया होत्या. आई जानेवारीत गेली. तिकडे परसात आता कोण बघणार, म्हणून इकडे आणल्या. हमीदभाईंना बोलले होते मी."

नाझिशला पहिल्यांदा तिच्या आईचं वाईट वाटायला हवं होतं. पहिल्यांदा मनात आलं ते दुसरंच: हे याला माहीत होतं. मला सांगितलं नाही.

वाईट नंतर वाटलं. आणि वाटलं तेव्हा एकदम वाटलं. ती जमिनीवर बसली आणि एकेक डबा वर्तमानपत्रावर उपडा करू लागली. सगळी मुळं सडलेली. शेवटून दुसऱ्या डब्यात एका रोपाला दोऱ्यासारखं पांढरं मूळ निघालं. तिने ते धुतलं, सुई तापवून एका डब्याला भोकं पाडली, कोरडी माती भरली. रंजिता शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता, गावाकडच्यासारखा.

"घ्या," नाझिश म्हणाली. "माती आतपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका."

"तुमच्याकडेच राहू दे, भाभी. माझ्याकडे नाही जगायचं." खालून हॉर्न वाजला. रंजिता घाईने उठली.

दार बंद झालं. हमीद वर्तमानपत्र गोळा करू लागला.

"कोणाला वाचवलंत?" नाझिशने विचारलं. "मला की तिला?"

"तूच सांग," तो खाली बघतच म्हणाला, "काय सांगायला हवं होतं मी?"

ती डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. भांड्यांची जाळी बाजूला सरकवून खिडकीत जागा केली. घरात सगळ्यात चांगला उजेड तिथेच येत असे. एका बाजूला कललेलं रोप तिने बोटाने सरळ केलं, बुडाशी माती जराशी दाबली.

मागे चाहूल लागली. हमीद दारात उभा होता.

"जगेल का गं?"

"जगेल," ती न वळता म्हणाली. "पण रोज विचारायला येऊ नका."