हातांना जपायचं

तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, पण खुणांच्या भाषेत लेकीशी तिच्या गप्पा अशा रंगायच्या, की शेजारीण हसून म्हणायची, “हिच्या बोटांना हाडच नाही!”

मग बोटांचे सांधे सुजले. सकाळी मूठ वळेना. लेकीला साधं ‘ऊठ’ म्हणतानाही डोळ्यांत पाणी यायचं. “संधिवात आहे. मुळापासून जाणार नाही, पण सांभाळता येईल. हातांना जपायचं, गरजेपुरतेच हलवायचे,” डॉक्टर म्हणाले. लेकीने शहाण्यासारखी मान डोलावली आणि आईला खुणांनी सगळं समजावलं.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेतून आली ती रडून लाल झालेले डोळे घेऊनच. काय झालं गं, बाळा, असं विचारायला आईने हात उचलले. लेकीने ते अलगद धरून आईच्याच मांडीवर ठेवले आणि आपल्या इवल्या बोटांनी म्हणाली, “काही नाही. तू गप्प राहा ना, आई. दुखेल.”

त्या दिवसापासून लेकीने घरी येऊन काही सांगणंच सोडून दिलं. सांगितलं, की आई बोलायला लागते.