फोटोवाली तबकडी

"दोनीबी पांढऱ्याच हायेत, मदनसिंगभाऊ. फरक काय हाय मंग?" सतीश वैतागून म्हणाला.

मदनसिंगनं काउंटरवरच्या दोन कोऱ्या डीव्हीडी उजेडात धरल्या. मंगरूळपीरच्या त्याच्या स्टुडिओत आताशा डिस्क मागायला कुत्रंही फिरकत नव्हतं. "दोनीवर फोटो छापता येते. पन हिच्यावर ओला हात लागला का शाई पसरते. ही चकचकीत हाय, हिच्यावर टिकते. मी तं म्हनतो पेनड्राइव्हच ने. डिस्क कोन पाह्यते आता?"

"माय पाह्यते."

भागिरथाबाईला वाचता येत नव्हतं. घरात सिनेमांच्या डिस्कची चळत होती, वर काही का लिहिलेलं असेना, तिला सगळ्या सारख्याच. म्हणून सतीशला बापाचा फोटो डिस्कवरच छापून हवा होता. तोंड ओळखायला शाळा लागत नाही. त्यानं चकचकीत डिस्क निवडली.

बाप, शेषराव, उन्हाळ्यात अचानक गेला. सतीश तेव्हा पुण्यात कंपनीत. तो पोचला तो थेट मातीलाच. तेव्हापासून माय बोलेनाशी झाली होती. रडली नाही, भांडली नाही, विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हती. अशी सुन्न माणसं आतल्या आत वाळत जातात, हे सतीशनं पाहिलेलं होतं आणि त्याला भीती वाटत होती. साक्षीच्या, त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये बापानं माइक हिसकावून भीमगीत म्हटलं होतं, चांगलं बेसूर. तेवढा भाग सतीशनं कापून घेतला होता. मायनं त्याचा आवाज ऐकला तर ती रडेल, मोकळी होईल. उद्या सकाळी पुण्याची गाडी होती. जे व्हायचं ते आजच व्हायला हवं होतं.

तो घरी आला तेव्हा माय तूर निवडत होती. तिनं डिस्क हातात घेतली, पदरानं पुसली आणि तिच्यावर छापलेला फोटो बराच वेळ पाहत राहिली.

"लय चांगला आला," ती आपण होऊन म्हणाली. सतीशला हायसं वाटलं. त्यानं जुन्या प्लेयरचं काचेचं झाकण उघडलं. त्यातून आतली डिस्क फिरताना दिसायची.

"आन इकडं. त्याचं गानं हाय त्यात."

मायनं डिस्क छातीशी धरली. "नाई."

"काहून?"

"नाई म्हनलं ना."

सतीशनं प्लेयरचं झाकण तसंच उघडं सोडलं. रजा काढली, उन्हातान्हात वणवण केली, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्याचा आवाज चढला. "त्याचा आवाजबी आयकू वाटत नाई तुले? इतका कायचा राग हाय त्याच्यावर?"

"राग नाई रे, बाबू." कितीतरी दिवसांनी मायचे डोळे भरले. "चक्कर आली होती त्याले. इथंच आंगनात गरगर फिरला अन् पडला. म्या धराले धावली, पन हाती नाई आला. तू नव्हता, म्या पाह्यलं."

तिनं त्या उघड्या झाकणाकडे पाहिलं.

"आता त्याच मानसाले म्या माह्या हातानं गरगर फिरवू?"