बारा मुटके

“सांगितलं तर कुणाचा इश्वास बसायचा न्हाय,” वीरभद्रप्पा म्हणाले. त्या दुपारी त्यांनी जी गोष्ट रचून सांगितली, त्यात हे एकच वाक्य खरं होतं.

समोर जाजमावर अक्कलकोटच्या निंगव्वा बसल्या होत्या. शेजारी त्यांचा नातू शिवशरण. वीरभद्रप्पांच्या मुलीचं, मायाक्काचं, त्याच्याशी जमत आलं होतं. साखर तोंडात घालायची तेवढी राहिली होती. ती अडली होती एका फोटोपाशी, आणि फोटो निंगव्वांच्या मांडीवर होता.

सत्तर साली सोलापुरी चादरी खपवायला म्हणून वीरभद्रप्पा थेट जपानला, ओसाकाच्या प्रदर्शनाला जाऊन आले. बरोबर चाटी गल्लीतले सोमलिंग होते. सोमलिंगांच्या घरातही लग्नाची मुलगी होती. शिवाय त्यांच्याकडे कॅमेरा होता. फोटोत वीरभद्रप्पा पांढरी टोपी घालून उभे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात हातभर सुरी, पुढ्यात मासा. लिंगायताच्या पुढ्यात मासा! फोटो टपालानं अक्कलकोटला पोचला. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

निंगव्वा दारात पाय ठेवतानाच म्हणाल्या होत्या, “कागदावर माझा भरवसा न्हाय. खाल्लं का न्हाय, ते तुमच्या तोंडानं सांगा.”

“आदी जेवा, मग सांगतो,” वीरभद्रप्पा म्हणाले. गोष्ट जुळवायला तेवढाच वेळ मिळाला.

पंगतीत मात्र त्यांना स्वस्थ बसवेना. शिवशरणनं ताटाच्या कडेला दोन घास भात सारून ठेवला. वीरभद्रप्पांनी तो हेरला.

“जावईबापू, ह्या घरात शीत टाकत न्हाईत. शिवाचा प्रसाद हाय त्यो.”

पोरगा कानापर्यंत लाल झाला. भात पाण्याबरोबर गिळला. मग वीरभद्रप्पांनी सगळ्यांना दिसेल असं आपलं ताट पाण्यानं धुतलं आणि ते पाणी एका घोटात पिऊन टाकलं.

“पन्नास वर्सांत एक डाव चुकलं न्हाय,” मिशा पुसत ते म्हणाले. “आगगाडीत न्हाय, इमानात न्हाय.”

निंगव्वांनी पिशवीतून अडकित्ता काढला. सुपारी कातरत राहिल्या.

“तर हाटेलवाल्यांनी पावण्यांसाठी शिकवणी ठेवली हुती,” वीरभद्रप्पांनी गोष्ट सुरू केली. “सुशी करायची. सुशी म्हंजे आंबट भाताचा मुटका आन् वर कच्च्या माशाची चकती. मला वाटलं, भातच हाय, शिकून घिऊ की.”

“आन् ही सुरी?” निंगव्वांनी फोटोवर अडकित्ता टेकवला.

“त्या सुरीचं काय सांगू, आव्वा! एवढी धार, की माशाला कापल्याचं कळलंच न्हाय. चकत्या झाल्या तरी शेपूट हलवत हुता. मी आपला भात घेतला आन् दाबला. चादरीची घडी दाबतो तसा. शिकवणारे गुरुजी बघतच राहिले. ऐंशी वर्सांचा म्हातारा, रडाय लागला. म्हणला, असा हात जल्मात बघितला न्हाय. पोरगी देतो, हितंच ऱ्हावा.”

“कुठल्या भाषेत म्हणला?” त्यांच्या बायकोनं, सिद्धम्मानं, दारातून विचारलं.

“म्हणला जपानीत. मला कळलं कन्नडात.”

शिवशरणला हसू फुटलं. निंगव्वांना नाही.

“मुटके किती केले?”

“बारा! मासा बी चिमट्यानं ठेवला, बोट लावलं न्हाय. म्हातारा म्हणला, आता खावा. मी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. म्हणलं, मान कापा, पर खाणार न्हाय. आन् भरल्या ताटावरनं उठलो.”

सिद्धम्माचा जीव भांड्यात पडला. साखरेची वाटी आणायला ती आत वळली.

“म्हंजे भात बी टाकला?” निंगव्वांनी विचारलं.

“भात बी टाकला!” वीरभद्रप्पांनी मांडीवर थाप मारली. “एक शीत तोंडात घातलं न्हाय.”

निंगव्वांनी फोटो पिशवीत सारला. अडकित्ता सारला. गुडघ्यावर हात टेकून त्या उभ्या राहिल्या.

“ऊठ, शिवशरण. दोन घासांसाठी तुला बोलले, आन् सोता बारा मुटके टाकून उठले. अन्न टाकणाऱ्याच्या घरची पोरगी आमाला नको.”

आत वाटी वाजायची थांबली. दाराआड मायाक्का उभी होती, तिनं चौकट धरली.

मासा खाल्ल्याचा बोल वीरभद्रप्पांनी गेला महिनाभर हसत हसत झेलला होता. हा त्यांना झेपला नाही. ते ताडकन उठले.

“मी? मी अन्न टाकीन? त्या सोमलिंगाला इचारा की! एक शीत टाकलं न्हाय! ताट धुऊन प्यालो, सगळी जपानी माणसं बघत हुती!”

वीरभद्रप्पांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं.

निंगव्वा सावकाश खाली बसल्या. पिशवीतून अडकित्ता पुन्हा बाहेर काढला.

“खाल्लं म्हणा की मग, बाराच्या बारा. सिद्धम्मा, आणा ती साखर. आन् ह्यास्नी आदी चूळ भरायला लावा.”