पाचव्या लेव्हलची गिरकी

“उजवा नाही, डावा! आणि हनुवटी वर!” चेहऱ्यावरची रेघही न हलवता डॉक्टर पुटपुटले.

बायकोने पाय बदलला, हनुवटी वर केली. तेवढ्यात तिचं कोपर खाली आलं. डॉक्टरांनी ‘च्च’ केलं. डॉक्टर दातांचे. त्यांच्या धंद्यात समोरचं माणूस तोंड वासून पडलेलं असतं आणि उलट बोलू शकत नाही. घरीही त्यांना तीच सवय लागली होती.

नाचाच्या क्लासचा वार्षिक मेळावा होता. शिकणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर लेव्हलचा बिल्ला होता. पहिलीवाले भिंतीलगत धडपडत होते, तिसरीवाले त्यांच्याकडे कीव येऊन बघत होते आणि पाचवीवाले कुणाकडेच बघत नव्हते. डॉक्टर पाचवीतले. आपला सोनेरी बिल्ला त्यांनी निघण्यापूर्वी टूथपेस्टने घासून लखलखीत केला होता.

लग्न नवं होतं तेव्हा दोघं स्वयंपाकघरात रेडिओ लावून नाचायची. डॉक्टर हमखास तिच्या पायावर पाय द्यायचे आणि मग दोघांची हसून मुरकुंडी वळायची. पुढे कुठल्याशा पार्टीत त्यांच्या नाचाला कुणीतरी फिसकन हसलं. ते डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी क्लास लावला.

“तुझ्यासाठीच शिकतोय गं,” ते म्हणाले. “जरा नीट येऊ दे, मग नाचू.”

ते ‘मग’ काही लवकर उजाडेना. डॉक्टर एकेक लेव्हल चढत गेले. रेडिओ बंद झाला, कारण त्यावरच्या गाण्यांनी म्हणे त्यांची लय बिघडत होती. दवाखाना बंद केला की ते तिथेच आतल्या खोलीत सराव करत. जोडीला अ‍ॅप्रन टांगायचा चाकांचा स्टँड. स्टँड चुकत नसे, थकत नसे आणि पायावर पाय पडला तरी हसत नसे.

बायको वाट बघत राहिली. आज त्यांनी आपण होऊन हात पुढे केला तेव्हा तिला अगदी भरून आलं. तसं मघाशी तिच्या दिरानेही विचारलं होतं. दिराचं टायरचं दुकान, आणि नाचात दर परीक्षेला पहिल्याच लेव्हलला नापास.

“वहिनी, येता का? मला काही येत नाही हं, आधीच सांगतो!”

“नको भावजी, आज ह्यांच्याबरोबरच,” ती लाजून म्हणाली होती.

आता अर्धं गाणं संपत आलं होतं आणि तिच्या वाट्याला नुसत्या चुका आल्या होत्या.

“अहो, एकदा हसा तरी,” ती म्हणाली.

“हसलं की मोजणी चुकते. आता गिरकी घ्यायची. मी हात सोडीन, तू फिरत लांब जायचंस आणि फिरत परत हातात यायचंस. आणि हो, मी डोळे मिटणार. पाचवीत कुणी बघून नाचत नाही.”

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि हात सोडला.

ती फिरत फिरत लांब गेली ती थेट दाराशी. तिथे पाहुण्यांचे कोट टांगलेला एक स्टँड होता. दवाखान्यातल्यासारखाच, खाली चाकं. तिने स्टँडकडे पाहिलं. नवऱ्याच्या पुढे केलेल्या, वाट बघणाऱ्या हाताकडे पाहिलं. तिला आधी राग आला, मग रडू आलं आणि मग एकदम हसूच फुटलं. तिने स्टँडला हलकेच ढकललं. गुळगुळीत फरशीवरून तो अलगद डॉक्टरांच्या हातात जाऊन पोचला.

ती दिराकडे वळली. “चला भावजी. येत नसलं तरी चालेल.”

दिराने दुसऱ्याच पावलाला तिच्या पायावर पाय दिला. ती इतकी खळखळून हसली की भिंतीलगतचे पहिलीवालेही उगाचच हसायला लागले.

हॉलच्या मधोमध डॉक्टर स्टँडला कवेत घेऊन, डोळे मिटून, मोठ्या डौलात सरकत होते. कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. एका कोटाच्या कॉलरपाशी ओठ नेऊन ते लाडाने म्हणाले,

“बघ, आत्ता कुठे तुला जमायला लागलं!”