दुकान वाढवायचं

कंदी पेढ्यांचा पुडा हातात धरून वीरधवल उंबऱ्यातच थबकला. समोर लीलाबाईंच्या फोटोला हार घातलेला होता. फोटोपुढं दिवा तेवत होता. बाजूला तात्याबा बसले होते आणि त्यांच्या मांडीवरचा फोन सारखा वाजत होता. त्यांनी तो वीरधवलच्या हातात दिला. पलीकडून कुणी बाई अभिनंदन करत होत्या. दुकान वाढलं म्हणून.

वीरधवल साताऱ्यात राहून लोकांना मोबाइलवरची ॲप करून देई. पाटणच्या लीलाबाई कांदा-लसूण मसाला करून विकत. त्यांच्या दुकानाचं ॲप त्याचंच, आणि त्या कामानं त्याला जेरीस आणलं होतं. आज लीलाबाई म्हणायच्या, पुण्याच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात कर. चार दिवसांत त्यांच्या यजमानांचा, तात्याबांचा, निरोप यायचा, पाटणबाहेरच्या बंद कर. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मावशींचं रोज नवं खूळ, असं तो ऑफिसात रंगवून सांगायचा आणि सगळे हसायचे. पुढं पुढं त्यानं विचारणंच सोडलं. निरोप आला की बटण फिरवायचं आणि मोकळं व्हायचं.

परवा तात्याबांचा फोन आला होता. लीलाबाई गेल्याचं एव्हाना त्यालाही कळलं असेल, असं त्यांनी धरलं होतं. ते एवढंच म्हणाले, "गड्या, आता दुकान वाढवायचं म्हनतुया. तेवढं गिऱ्हाइकास्नी कळीव."

"झालं समजा, तात्या," वीरधवल म्हणाला होता. मग त्यानं रंगीत फुगे काढून साऱ्या गिऱ्हाइकांना आनंदाची बातमी धाडली. लीलाबाईंचा मसाला, आता दुप्पट जोमानं.

आता त्याला त्याची आजी आठवली. ती कधी दिवा विझव म्हणायची नाही, वाढव म्हणायची. फुटलेली बांगडीसुद्धा तिच्या तोंडी वाढलेलीच असायची. बंद, फुटलं, विझलं, असलं अभद्र घरात बोलायचंच नाही. हे सगळं तो लहानपणापासून ऐकत आला होता.

"तात्या, मी विचारायला हवं होतं."

"अंगात बळ आसलं की ती चालू कर म्हनायची," तात्याबा म्हणाले. "दवाखान्यातनं सुई टोचून आली की मान टाकायची, मग मी बंद कर म्हनायचो. तू दोगांचंबी ऐकलंस. लय गुनाचा हायस."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच वीरधवलला मान वर करवेना. पेढ्यांचा पुडा त्यानं पाठीमागं दडवला. तिथंच खाली बसून त्यानं नवा निरोप लिहिला, फुगे नसलेला. पाठवण्याआधी तो तात्याबांना वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली, तेव्हाच पाठवला.

तो निघाला तसे तात्याबा म्हणाले, "जाता जाता तेवढी वात वाढव रं."

हारातलं गळून पडलेलं फूल उचलून वीरधवलनं दिवा मालवायला हात ज्योतीकडं नेला. हात अर्ध्यातच थांबला.

"तात्या, विझवू का मोठी करू?"

तात्याबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं.

"मोठी कर बाबा. तिला आत्ताच अंधारात नगं सोडाया."